परदेशात रविवारी चर्चला जाताना: शनिवारची तयारी, दारातली रांग आणि आतले शिष्टाचार

मुलाकडे अमेरिकेला निघालेले वसईचे आईवडील, दोहाला नोकरी लागलेला रत्नागिरीचा मुलगा, सावंतवाडीहून ग्रुप टूरने युरोपला चाललेलं कुटुंब. प्रवास वेगवेगळे, पण परदेशातल्या रविवारी सगळ्यांची चूक बहुधा एकच होते. सगळ्यात प्रसिद्ध चर्च निवडायचं, नाश्ता आटोपून अकराच्या सुमाराला कॅमेरा घेऊन पोचायचं आणि मिस्साही (कॅथलिकांची मुख्य उपासना) होईल, बघणंही होईल असं धरून चालायचं. मग मिस्सा अर्ध्यावर आलेली असते, दारातला माणूस आत सोडत नाही, किंवा सोडलं तरी चुकीच्या रांगेत उभं राहून भलतंच काही हातात येतं.

हा लेख मुख्यतः कॅथलिक वाचकांसाठी आहे. प्रॉटेस्टंट वाचकांसाठी आणि ख्रिस्ती नसूनही चर्च बघायला जाणाऱ्यांसाठी जिथे नियम बदलतो, तिथे तसं सांगितलं आहे. पायऱ्यांचा क्रम मोडू नका. पाचव्या पायरीला येणाऱ्या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या तीन पायऱ्यांतच असतं.

## १. आधी ठरवा: बसायचं चर्च एकच, बाकीची बघायची

एका रविवारी एकाच चर्चमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसा. बाकीची दोन-चार चर्चेस दुपारी, उपासना नसलेल्या वेळी बघा. एका मिस्सेचं प्रवचन ऐकायचं, दुसरीकडे कम्युनियनपुरतं, म्हणजे पवित्र भाकर घेण्यापुरतं शिरायचं आणि तिसरीकडे फोटो काढायचे, यात धर्मही साधत नाही आणि पर्यटनही.

बसायचं चर्च प्रसिद्धच असलं पाहिजे असं नाही. हॉटेलपासून दहा मिनिटांवरचं साधं धर्मग्रामाचं, म्हणजे त्या वस्तीचं चर्च मला कधीही जास्त पसंत. तिथे जागा मिळते, कुणीतरी हातात गाण्यांचं पुस्तक ठेवतं. इंग्लंडमध्ये तर मिस्सेनंतर पुष्कळदा हॉलमध्ये चहा-बिस्किटंही असतात आणि चौकशी करणारी माणसंही. मात्र एखादं मोठं कॅथेड्रल आतून बघायचं असेल आणि तिकिटावर खर्च करायचा नसेल, तर मिस्सेला तिथेच बसा. मिस्सेला विकतचं तिकीट नसतं. फक्त तिथे गेलात की मिस्सेपुरतेच गेलात, हे मनाशी पक्कं असू द्या.

तपासा: रविवारी विमान, बस किंवा क्रूझ किती वाजता आहे? सकाळी सातला निघायचं असेल तर रविवारचा विचार सोडा, शनिवारची संध्याकाळ धरा. शनिवारी संध्याकाळची मिस्सा कॅथलिकांना रविवारची म्हणूनच चालते. मुंबईहून शनिवारी मध्यरात्रीचं विमान असलं तर इथली संध्याकाळची मिस्सा करूनच विमानतळ गाठा. आणि प्रवासामुळे खरोखरच शक्य झालं नाही, तर गंभीर कारणासाठी चर्चच्या नियमातच सूट आहे. त्यासाठी सहप्रवाशांची बस अडवून धरू नका.

## २. चर्च कुणाचं आहे ते घरूनच बघा

वसईत पापडीचं, नंदाखालचं, रमेदीचं चर्च म्हटलं की ते कॅथलिक हे धरूनच चालतो. परदेशात तसं धरून चालता येत नाही. बाहेरून मनोरा, आत वेदी, मेणबत्त्या, धर्मगुरूंच्या अंगावर झगा, सगळं सारखंच दिसतं आणि चर्च अँग्लिकन, ल्युथरन किंवा ऑर्थोडॉक्स, म्हणजे रोमशी न जोडलेल्या दुसऱ्या पंथाचं निघतं.

सगळ्यात जास्त फसगत लंडनमध्ये होते. वेस्टमिन्स्टर ॲबी अँग्लिकन आहे. वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल कॅथलिक आहे. दोन्ही व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या दोन टोकांच्या बाजूला, चालत दहा-बारा मिनिटांच्या अंतरावर. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘वेस्टमिन्स्टर चर्च’ सांगितलं तर तो ॲबीलाच नेणार. सेंट पॉल्स कॅथेड्रलही अँग्लिकन आहे.

जर्मनीत फलकावर ‘गोटेसडीन्स्ट’ दिसलं तर घाई करू नका. तो शब्द प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही उपासनांना लावतात. ‘हायलिगे मेसे’ किंवा ‘ऑयखारिस्टी’ असेल तर कॅथलिक. ‘इव्हँगेलिश’ असेल तर प्रॉटेस्टंट, ‘काथोलिश’ असेल तर आपलं.

याच्या उलट चूकही होते. युक्रेनियन ग्रीक कॅथलिक चर्च आतून हुबेहूब ऑर्थोडॉक्स वाटतं, पण ते रोमशी जोडलेलं आहे. तिथली उपासना कॅथलिकांना पूर्ण चालते. केरळच्या सिरो-मलबार मंडळींची मिस्साही तशीच. लंडनपासून आखातापर्यंत मल्याळी मिस्सा सहज सापडते. एक शब्द कळला नाही तरी ती ग्राह्य आहे.

सीएनआयच्या कुटुंबांचा हिशेब वेगळा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जागतिक अँग्लिकन परिवाराचा भाग आहे. तेव्हा ॲबीत किंवा इंग्लंडमधल्या कुठल्याही गावच्या अँग्लिकन चर्चमध्ये तुम्ही पाहुणे नसून घरचेच आहात.

सावधान: नकाशाच्या ॲपवर ‘माझ्याजवळचं चर्च’ शोधून पहिलं नाव पकडू नका. त्या चर्चचं स्वतःचं संकेतस्थळ उघडून धर्मप्रांताचं (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाचं) नाव बघा.

## ३. वेळ शोधणं, आणि वेळ फसवते कशी

ॲपवर चर्चसमोर दिसणारी ‘उघडण्याची वेळ’ ही पुष्कळदा पर्यटकांसाठी असते. मिस्सेची वेळ वेगळी. ती शोधायच्या जागा अशा: चर्चचं संकेतस्थळ, मासटाइम्ससारखी मिस्सांच्या वेळा देणारी साइट, फ्रान्समध्ये तिथल्या बिशपांची ‘मेस इन्फो’. सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे चर्चच्या दारावरचा कागद. शनिवारी फिरता फिरता त्या दारावरून एक चक्कर मारा आणि कागदाचा फोटो काढून घ्या.

कागद वाचताना इटलीत ‘फेरिआले’ म्हणजे आठवड्यातले कामाचे दिवस, ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस, ‘प्रेफेस्तिवा’ म्हणजे आदल्या संध्याकाळची मिस्सा. ‘फेस्तिवो’ पाहून काहीतरी जत्रा आहे असं समजून पुढे जाणारे कमी नाहीत. स्पेनमध्ये ‘लाबोराब्लेस’ कामाचे दिवस आणि ‘फेस्तिवोस’ रविवार-सण. पोर्तुगालमध्ये वार आकड्यांनी मोजतात आणि ‘सेगुंदा’ म्हणजे सोमवार, त्यामुळे रविवारसाठी ‘दोमिंगू’ हाच शब्द शोधा. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात असते. १८.३० म्हणजे संध्याकाळी साडेसहा.

आपल्याकडे पहाटेच्या मिस्सेची सवय. युरोपात कित्येक चर्चेसची रविवारची पहिली मिस्सा नऊ-दहाला असते. सहाला जाऊन बंद दारासमोर थंडीत उभे राहाल. मात्र मोठ्या शहरांत संध्याकाळची, कधी रात्री उशिराचीही मिस्सा असते, तेव्हा सकाळ हुकली तर हातपाय गाळायचं कारण नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये इटली, फ्रान्स, स्पेन सुट्टीवर असतात आणि मिस्सांची संख्या कमी होते. संकेतस्थळावर हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगवेगळं दिलेलं असतं. आपण कुठलं वाचतो आहोत ते बघा.

सावधान: घड्याळ रविवारीच बदलतं. आपल्याकडे ही भानगड नाही म्हणून ती लक्षात राहत नाही. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येतं. अमेरिकेत हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. मोबाइल आपोआप बदलतो. हातातलं घड्याळ आणि हॉटेलच्या भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही. मार्चमध्ये त्यांच्यावर विसंबलात तर पोचेपर्यंत शेवटचं गीत चालू असेल.

तपासा: रविवारी बस-मेट्रोचं वेळापत्रक वेगळं असतं. लंडनमध्ये शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी मेट्रोच्या काही लाइनी बंद ठेवतात. अमेरिकेच्या उपनगरांत तर रविवारी बस मिळणं कठीणच, गाडी कोण चालवणार ते शनिवारीच ठरवून ठेवा.

## ४. शनिवारी रात्रीची तयारी

वाचनं आधी वाचून ठेवा. रोमन विधीत, म्हणजे बहुतेक कॅथलिकांच्या उपासनापद्धतीत, एका रविवारची वाचनं जगभर बहुतेक सारखीच असतात. तीन वर्षांचं चक्र आहे, अ, ब आणि क. मराठी बायबलमधून दोन्ही वाचनं, स्तोत्र आणि शुभवर्तमान रात्री वाचून ठेवलं की लिस्बनमध्ये पोर्तुगीज मिस्सेत बसूनही काय चाललंय ते कळतं. प्रवचन मात्र सोडून द्यावं लागेल. भाषांतराचं ॲप कानाशी धरून बसू नका, शेजाऱ्याला त्रास होतो.

याला अपवाद दोन. जर्मनीत स्वर्गारोहणाचा आणि ख्रिस्तशरीराचा सण गुरुवारीच पाळतात, आपल्याकडे ते रविवारी येतात. त्यामुळे त्या दिवसांत वाचनं जुळणार नाहीत. दुसरा अपवाद मिलानचा, तो सहाव्या पायरीत.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या दारात हा नियम कडक आहे आणि त्यात पुरुषांची अर्धी चड्डीही अडते. साडी, सलवार-कमीज कुठेही चालते. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जायचं असेल तर बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा स्कार्फ बरोबर ठेवावा, रशियन परंपरेच्या चर्चमध्ये तर नक्कीच. पुरुषांनी टोपी काढायची. बूट काढायचे नाहीत, इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चसारखे अपवाद सोडून. तिथे काढावेच लागतात. आणि एक स्वेटर घ्या. जुनी दगडी चर्चेस बाहेर ऊन असलं तरी आतून गार असतात.

खिशात सुटी नाणी ठेवा. दानपेटीसाठी, मेणबत्तीसाठी. काही ठिकाणी आता कार्ड टेकवायचं यंत्र असतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका.

मोठी बॅग हॉटेलमध्येच राहू द्या. चाकांच्या बॅगा आणि मोठ्या सॅक पुष्कळ कॅथेड्रलांत आत सोडत नाहीत, आणि सांभाळून ठेवायची सोयही नसते. विमानतळावरून थेट चर्चला जायचा बेत असेल तर स्टेशनवरच्या लॉकरची चौकशी आधी करा. भाच्यासाठी आणलेल्या सुक्या बोंबलांची पिशवी तर कुठल्याच बाकाखाली लपत नाही.

## ५. दार कुठलं?

मोठ्या चर्चच्या समोरच्या दारात जी लांबलचक रांग दिसते ती बहुधा पर्यटकांची. मिस्सेला येणाऱ्यांचं दार वेगळं असतं आणि ते बाजूला असतं. रांगेच्या शेपटाला उभं राहण्याआधी दारातल्या माणसाकडे जाऊन ‘मेस’, ‘मेसा’, ‘मिसा’ यांपैकी तिथला शब्द उच्चारा. पोर्तुगालमध्ये आपली ‘मिस्सा’च चालते. तो हातानेच दिशा दाखवतो.

काही नेहमीची ठिकाणं:

मिलानचं ड्युओमो, म्हणजे तिथलं कॅथेड्रल. पर्यटकांना तिकीट, प्रार्थनेला येणाऱ्यांना स्वतंत्र दारातून फुकट प्रवेश. त्या दारातून गेल्यावर ठरावीक भागातच बसता येतं. दोरी ओलांडून फिरायला निघालात तर परत पाठवतात.

व्हेनिसचं सेंट मार्क्स. रविवारी सकाळ उपासनेसाठी राखलेली, पर्यटकांना दुपारी दोननंतर. मिस्सेचं दार उत्तरेच्या बाजूला.

बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया. रविवारी सकाळी नऊला आंतरराष्ट्रीय मिस्सा असते, अनेक भाषांत, प्रवेश फुकट. जागा भरली की दार बंद. आठच्या आधी रांगेत हवं. मिस्सा संपली की बाहेर पडावं लागतं, आतच थांबून तिकीट वाचवायची युक्ती चालत नाही.

पॅरिसचं नोत्र दाम. २०१९च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. प्रवेश फुकट आहे. संकेतस्थळावर वेळ राखून ठेवायची सोय आहे, तीही फुकट. कुणी प्रवेशाचं तिकीट विकत असेल तर तो फसवतो आहे.

व्हॅटिकन. सेंट पीटर्सला प्रवेश फुकट, पण विमानतळासारखी तपासणी सगळ्यांनाच. तासभर हातात ठेवा. इथे दोन गैरसमज हटकून होतात. पहिला: रविवारी दुपारी बारा वाजता पोप खिडकीतून करतात ती देवदूताची प्रार्थना आणि आशीर्वाद. ती मिस्सा नव्हे. त्यासाठी चौकात उभं राहणं छानच, पण रविवारची मिस्सा त्यात होत नाही. दुसरा: सिस्टिन चॅपल बॅसिलिकेतून दिसेल असं वाटतं. ते व्हॅटिकन म्युझियममध्ये आहे आणि म्युझियम रविवारी बंद असतं. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं, तेही फुकट, त्यामुळे त्या दिवशी गर्दी विचारू नका.

नागासाकी. मूळचे वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्यामुळे वसईकर जपानला गेले की नागासाकीला जातातच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांच्यासह सव्वीस जणांना जिथे क्रुसावर मारलं ती निशिझाका टेकडी नागासाकी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आहे. तिथे स्मारक, संग्रहालय आणि शेजारी चर्च आहे. चूक होते ती ओउरा कॅथेड्रलपाशी. हे जुनं चर्च आता तिकीट काढून बघायची जागा आहे. नेहमीची मिस्सा जवळच्या वेगळ्या, नव्या चर्चमध्ये होते. रविवारी सकाळी तिकिटाच्या खिडकीशी उभं राहून मिस्सा कुठे म्हणून घोटाळू नका.

तपासा: दारातून आत गेल्यावर मोबाइल नुसता सायलेंट नको, गजरही बंद करा. भारतातल्या वेळेचा दुपारचा गजर तिकडे भर प्रवचनात वाजतो.

## ६. आत गेल्यावर

मधल्या रांगांत, पुढून तिसऱ्या-चौथ्या बाकाच्या मागे बसा. अगदी पुढे बसलात तर कधी उठायचं, कधी बसायचं ते बघायला समोर कुणी नसतं. अगदी मागे बसलात तर पर्यटकांची ये-जा असते. ख्रिस्ती नसलेल्यांनी मात्र मागेच, कडेच्या बाकावर बसावं. सगळे उठले की उठावं, बसले की बसावं. गुडघे टेकायची, क्रुसाची खूण करायची गरज नाही. आलात तर शेवटपर्यंत थांबा. निघायचंच असेल तर लोक बसलेले असताना, गीत चालू असताना निघा.

फ्रान्समध्ये पुष्कळ ठिकाणी बाकांऐवजी सुट्या खुर्च्या असतात, गुडघे टेकायला फळी नसते. आजूबाजूचे उभे राहिले तर तुम्हीही उभे राहा. उत्तरं मराठीत, हळू आवाजात म्हटली तर कुणाची काही हरकत नसते.

मिलानमध्ये विधी रोमन नसून अँब्रोशियन, म्हणजे तिथला स्वतःचा आहे. वाचनं वेगळी, आगमनकाळ (नाताळच्या आधीचा काळ) सहा आठवड्यांचा. शांतीचा हस्तांदोलनाचा भाग आपल्याकडे कम्युनियनच्या जरा आधी येतो, तो तिथे अर्पणाच्या आधीच येतो. लोक एकमेकांकडे वळले म्हणून कम्युनियन आलं असं समजून उठू नका.

शांती देताना इटलीत हात मिळवतात, जपानमध्ये वाकतात. आपला नमस्कार दोन्हीकडे चालतो.

दान गोळा करायला कुणी लांब दांड्याची पिशवी पुढे करतं, कुणी ताट फिरवतं. अमेरिकेत लोक नाव छापलेली पाकिटं टाकतात. ती तिथल्या नोंदलेल्या कुटुंबांची असतात, पाहुण्यांनी सुटे पैसे टाकले तरी पुरे. कधी दुसरं ताटही येतं. ते बहुधा एखाद्या खास निधीसाठी असतं आणि ते नुसतं पुढे सरकवलं तरी चालतं.

## ७. कम्युनियनची रांग

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

कॅथलिक व्यक्ती, कॅथलिक चर्च. कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषध याला अपवाद. हॉटेलचा नाश्ता मिस्सेच्या आधी उरकायचा असेल तर हिशेब करा: मिस्सा दहाला असेल तर कम्युनियन साधारण पावणेअकराला, म्हणजे पावणेदहाच्या आत ताट बाजूला. रांगेत बाकांच्या क्रमाने जा. अमेरिकेत स्वयंसेवक एकेक बाक सोडतो, त्याच्या खुणेशिवाय उठू नका. हातावर घेतलं तर धर्मगुरूंसमोरच, तिथल्या तिथे तोंडात घ्या. मुठीत धरून जागेवर आणू नका. मोठ्या कॅथेड्रलांत पर्यटकांच्या भीतीने यावर बारीक नजर असते आणि भर रांगेत हटकतात. इंग्लंड-अमेरिकेत काही ठिकाणी रसाचा पेला वेगळा असतो. घेणं ऐच्छिक आहे. घ्यायचा तर घोट घ्यायचा, हातातली भाकर आपणच त्यात बुडवायची नाही.

त्याच दिवशी दुसऱ्या मिस्सेला पूर्ण बसलात तर दुसऱ्यांदा कम्युनियन घेता येतं. तिसऱ्यांदा नाही.

कॅथलिक व्यक्ती, अँग्लिकन किंवा ल्युथरन चर्च. तिथे ‘सर्वांचं स्वागत’ म्हणतील आणि ते मनापासून म्हणतील. आपल्या चर्चचा नियम मात्र तिथे कम्युनियन घेऊ देत नाही. बाकावर बसून राहा, कुणी वाईट मानत नाही. त्या उपासनेने रविवारची मिस्साही होत नाही, ती वेगळी करावी लागते.

कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट व्यक्ती, ऑर्थोडॉक्स चर्च. ते आपल्याला कम्युनियन देत नाहीत, रांगेत जाऊ नका. शेवटी आशीर्वादित पावाचे तुकडे वाटतात, ते कम्युनियन नव्हे. कुणी हातावर ठेवला तर घ्यायला हरकत नाही.

ख्रिस्ती नसलेली किंवा कम्युनियन न घेणारी व्यक्ती. इंग्लंड आणि अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी छातीवर दोन्ही हात फुलीसारखे ठेवून रांगेत गेलं की धर्मगुरू फक्त आशीर्वाद देतात. इटली-स्पेनमध्ये ही पद्धत रुळलेली नाही, तिथे जागेवर बसून राहणंच बरं. प्रसाद म्हणून घेतला तर काय बिघडलं, असं आपल्याकडच्या मंडळींना सहज वाटतं. देवळातल्या प्रसादासारखा तो येणाऱ्या प्रत्येकासाठी नसतो. गोव्याला जाऊन असं केलेल्यांना तिथेही समजावून परत पाठवतात.

सावधान: ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये छातीवर हात फुलीसारखे ठेवण्याचा अर्थ अगदी उलट आहे. तिथे पुष्कळ ठिकाणी कम्युनियन घ्यायला येणारे तसे हात ठेवतात. लंडनला शिकलेली युक्ती तिथे वापरू नका.

## ८. दुपारी बाकीची चर्चेस

साधारण एक ते चार हा काळ बघण्यासाठी चांगला. पण इटलीतली छोटी चर्चेस नेमकी दुपारी जेवणाच्या वेळी बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात. म्हणून मोठी कॅथेड्रल दुपारी, छोटी संध्याकाळी असा क्रम लावा. कोलोनचं कॅथेड्रल रविवारी पर्यटकांना दुपारीच बघता येतं. लिस्बनच्या जेरोनिमुस मठात चर्च वेगळं आणि तिकिटाचं अंगण वेगळं. वास्को द गामाची कबर चर्चमध्ये आहे, अंगणाचं तिकीट काढून ती शोधत बसू नका. सोमवारी तो मठ बंद असतो, त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणायची सोय नाही.

लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स रविवारी पर्यटकांना बंदच. उपासनेला मात्र दोन्ही उघडी आणि फुकट. ॲबीत रविवारी दुपारी तीनच्या सुमारास ईव्हनसाँग असतं, पाऊण तासाची गायनप्रधान प्रार्थना. त्यात कम्युनियन नसतं, त्यामुळे कॅथलिक असा, हिंदू असा, मुस्लिम असा, रांगेचा पेच पडत नाही. आतून ॲबी बघायचा हा सगळ्यात सभ्य मार्ग आहे असं माझं मत.

आत कुणी प्रार्थना करत असेल तर फोटो नकोत. लग्न किंवा बाप्तिस्मा चालू असेल तर दारातूनच परत फिरा.

## ९. आखातात रविवार शुक्रवारी येतो

कुवेत, कतार, बहरीनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवार कामाचा. म्हणून तिथल्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा शुक्रवारी आणि शनिवारीही होते आणि ती ग्राह्य असते. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस आहे. दुबईला जुन्या माणसाने सांगितलेली वेळ धरून जाऊ नका, चर्चचं आताचं वेळापत्रक बघा.

दोहाला सगळी चर्चेस मेसाइमीर भागातल्या एकाच आवारात आहेत. बाहेरून क्रूस दिसत नाही, त्यामुळे पत्ता टॅक्सीवाल्याला आधी दाखवा. फाटकावर तपासणी होते, ओळखपत्र जवळ ठेवा, मोठी बॅग नको. सौदी अरेबियात सार्वजनिक चर्च नाही. तिथे नोकरीला जाणाऱ्याने हे निघण्याआधीच जाणून असावं आणि बायबल, जपमाळ वैयक्तिक वापरापुरतीच न्यावी.

## १०. जहाजावर असाल तर

कोकणातली किती मुलं बोटीवर आहेत हे सांगायला नको. बंदरात रविवार आला आणि किनाऱ्यावर उतरायची परवानगी मिळाली, तरी चर्च शोधत फिरण्यात ती वेळ संपते. कॅथलिक संस्था ‘स्टेला मारिस’ आणि अँग्लिकन ‘मिशन टू सीफेअरर्स’ जगभरच्या बंदरांत काम करतात. बंदर येण्याआधी दोन-तीन दिवस त्यांच्या त्या बंदरातल्या केंद्राला ईमेल करा: जहाजाचं नाव, धक्का, पोचण्याची अंदाजे तारीख आणि किती जणांना यायचं आहे ते. जमलं तर केंद्राची व्हॅन फाटकापर्यंत येते. उतरायची परवानगी नसेल तर चॅप्लिनना (केंद्राच्या धर्मगुरूंना) जहाजावर यायची विनंती करता येते, पण त्यासाठी कॅप्टनची संमती तुम्ही आधी घेतलेली हवी. ईमेलमध्ये आपली ड्युटी कधी संपते तेही लिहा. व्हॅन येऊन थांबते आणि मुलगा इंजिन रूममध्ये असतो, असं होऊ नये.